स्पॉन्सरला फोन कधी करायचा आणि गोळ्यांबद्दल कुणाला विचारायचं

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त स्पॉन्सरबद्दलच आहेत आणि घोळ तोच तोच, म्हणून सगळे एकदमच घेतो. माहीत नसलेल्यांसाठी: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, म्हणजे एएमध्ये, आधी दारू सोडलेला मेंबर नव्या मेंबरच्या सोबत राहून त्याच्याकडून बारा स्टेप्स, म्हणजे दारूपासून दूर राहायचे एएचे बारा टप्पे, करून घेतो, तो स्पॉन्सर.

प्रश्न: स्पॉन्सरची फी किती असते?

उत्तर: शून्य. कुणी मागितली तर तो स्पॉन्सर नाही.

प्रश्न: एकाने 'पर्सनल स्पॉन्सर आणि जेवणात कळू न देता घालायची पावडर' असं गॅरंटीचं पॅकेज सांगितलंय. मुलासाठी घेऊ का?

उत्तर: आई, अजिबात नको. अशा पावडरीत काय आहे हे विकणारा सांगत नाही, आणि त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ते औषध) असेल आणि मुलाने वरून दारू घेतली तर बीपी धाडकन पडून जिवावर बेतू शकतं. ते औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. आणि गॅरंटी? एवढ्या वर्षांत मी कुणाला दिलेली नाही. मुलगा यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या डॉक्टरांना भेटा, तेही चालतं.

प्रश्न: मी बाई आहे, ग्रुपमधले एक गृहस्थ स्वतःहून स्पॉन्सर व्हायला तयार आहेत.

उत्तर: नको. बाईने बाईच निवडावी. ग्रुपमध्ये नसेल तर दुसऱ्या ग्रुपची किंवा ऑनलाइन मीटिंगमधली शोधा.

प्रश्न: चार महिने सोबर आहे, म्हणजे दारूला हात लावलेला नाही. स्पॉन्सरचा नंबर घेतलाय पण गरज पडली नाही. पडली तर करीन ना?

उत्तर: नाही करणार तुम्ही. माझ्या एका पेशंटने रिलॅप्सनंतर, म्हणजे परत प्यायल्यावर, मला मोबाईल दाखवला, स्पॉन्सरचं नाव फेव्हरिटमध्ये सगळ्यात वर आणि कॉल हिस्टरी कोरी. म्हणे, सर, रात्री अकराला फोन करणं बरं दिसत नाही. बारमध्ये जाणं बरं दिसलं! तलफ आली की डोकं आपल्याच विरुद्ध वकिली करायला लागतं, तेव्हा पहिल्यांदा फोन करायचं धाडस होत नाही, म्हणून काही झालेलं नसताना रोज दोन मिनिटं बोलायची सवय लावायची. आज काय जेवलो एवढं सांगितलं तरी चालेल. एए सुरू करणाऱ्या दोघांतला बिल विल्सन 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या हॉटेलात एकटा होता, कामाचं फिसकटलेलं, पाच महिने सोबर, आणि लॉबीतल्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. तो फोनकडे गेला आणि बोलायला दुसरा कुणी दारुडा मिळावा म्हणून चर्चना फोन लावत लावत डॉक्टर बॉब स्मिथपर्यंत पोचला, तोही पिणाराच. बॉबची शेवटची दारू 10 जून 1935 ला, तोच एएचा स्थापना दिवस. लक्षात घ्या, बिलने फोन केला तो स्वतःची दारू टळावी म्हणून. त्यामुळे स्पॉन्सरला त्रास होईल वगैरे सोडा, तुमच्या फोनने त्याचाही दिवस निभावतो.

प्रश्न: स्पॉन्सर म्हणतात डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे पण नशाच, खरी सोबरायटी हवी तर बंद कर. आठवडा झाला बंद केल्या, छान वाटतंय.

उत्तर: हे वाचून माझंच बीपी वाढलं. आठवड्याला छान वाटतं, बऱ्याच जणांना वाटतं! डिप्रेशन परत यायला कित्येकदा काही आठवडे किंवा महिने लागतात, तोवर सगळे म्हणतात बघ गोळीशिवाय बराच आहेस, आणि मग ते येतं तेव्हा कुणी त्याचा संबंध बंद केलेल्या गोळीशी जोडत नाही, 'स्टेप्स नीट केल्या नाहीत' म्हणून त्यालाच बोल लावतात. काहींना आधीच गरगरतं, झोप उडते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची लागते, हे खरं, तिथे स्पॉन्सरची शंका रास्त आहे, पण त्याही एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, कमी करायच्या तर हळूहळू, डॉक्टरांनीच. रोज पिणाऱ्याला 'आजपासून घरीच बंद कर' सांगणारेही याच माळेतले. अशा माणसाला शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. मेंबरने डॉक्टरकी करू नये हे एए स्वतःच सांगतं, मी मनचं सांगत नाहीये. स्पॉन्सर बदलायची गरज नाही, माणूस मनाने चांगला असेल, फक्त गोळ्यांचा विषय त्याच्याकडे काढू नका. आणि तुमच्या डॉक्टरांना उद्या नाही, आजच फोन करा, स्वतःच्या मनाने परत पूर्ण डोस सुरू करू नका. मरावंसं वाटणारे विचार आले तर थेट इमर्जन्सी गाठा.

प्रश्न: नवऱ्याचा स्पॉन्सर मला काहीच सांगत नाही.

उत्तर: बरोबर करतो. तुमच्यासाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप, आहे, 1951 पासून. घरात मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट न बघता मदत घ्या.

प्रश्न: माझा स्पॉन्सरच परत प्यायला लागलाय. आता?

उत्तर: आजच्या मीटिंगमध्ये सांगा आणि तिथेच तात्पुरता दुसरा स्पॉन्सर मागा. त्याला समजवायला एकट्याने त्याच्या घरी जाऊ नका, ग्रुपमधले जुने दोघं जातील.