ग्रेप हायसिंथ किती उंच होतं? सगळा वाफा व्यापून टाकेल का?

उंचीला हे कंदापासून येणारं फुलझाड जेमतेम 15 ते 20 सेंमी होतं, पण आडवं पसरायला मात्र पटाईत आहे. वाफा छोटा असेल तर काही वर्षांत व्यापूनही टाकेल. कारण जमिनीखाली आहे. कंद असतो अवघा 2-3 सेंमीचा, पण त्याच्या बुडाशी नवी पिल्लं (छोटे कंद) सुटत राहतात, शिवाय बी गळून आजूबाजूला रोपं उगवतात ती वेगळीच. बियांपासून आलेल्या रोपाला फुलायला साधारण तीन वर्षं लागतात, पिल्लांना तेवढा धीर धरावा लागत नाही.

पानं बघून घाबरू नका. नेहमीच्या आर्मेनियाकम जातीत ती हिवाळ्याआधीच वर येतात आणि फुलं येईपर्यंत लांब होऊन लोळतात; बागेला अवकळा आल्यासारखं दिसतं खरं, पण तो रोग नव्हे. आपोआप पिवळी पडेपर्यंत ती कापू नका, पुढच्या फुलांसाठीचं अन्न कंदात त्यांच्यामुळेच साठतं.

पसारा आवरायचा असेल तर:
- फुलं सुकताच, बी धरायच्या आत, दांडे खुडा
- झुबका दाट झाला की उन्हाळ्यात कंद उकरून विरळ करा
- नाहीतर रुंद पानाची लॅटिफोलियम जात लावा, ती सावकाश पसरते

हे सगळं थंड हिवाळ्याच्या हवामानाला लागू. कंदाला दहा-बारा आठवडे चांगली थंडी मिळाली नाही, तर पसरणं दूरच, धड फुलंही येत नाहीत.