बालवर्गाचा गीता अभ्यासक्रम आखताना

मुलांचा साप्ताहिक गीतावर्ग सुरू करताय, तर पहिल्या वर्षी फक्त बारावा अध्याय घ्या. श्लोक 20, सगळे अनुष्टुभ छंदातले, म्हणजे चार चरण आणि प्रत्येकात आठ अक्षरं. एक चाल बसली की शेवटपर्यंत पुरते. पंधराव्यातही श्लोक 20च आहेत, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. पण त्यात 2 ते 5 आणि 15 हे श्लोक अकरा अक्षरी चरणांचे आहेत. चाल मोडते, मुलं अडखळतात आणि पाठांतर तिथेच थांबतं.

आठवड्याला दोनच श्लोक. असे दहा आठवडे, आणि दर दोन आठवड्यांनी एक तास निव्वळ उजळणीला, असे एकूण पंधरा. उजळणी गाळू नका. सातव्या-आठव्या आठवड्यात पहिले श्लोक विसरलेले असतात ते ती गाळल्यामुळेच.

फळ्यावर आधी संधी सोडवून लिहा. ‘यस्मान्नोद्विजते’ सलग वाचलं की मुलं वाटेल तिथे तोडतात. ‘यस्मात् न उद्विजते’ लिहिलं की उच्चार आणि अर्थ दोन्ही हाती लागतात. विसर्गाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, चुकीची सवय नंतर सुटत नाही.

अर्थासाठी सगळ्यात समृद्ध भाग 13 ते 19, भक्ताची लक्षणं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना इथूनच सुरुवात करून द्या, क्रम मोडला तरी चालेल. ‘अद्वेष्टा’ (कोणाचा द्वेष न करणारा) घेतलं तर व्याख्या सांगू नका. वर्गात कोणाशी बोलणं बंद आहे का, ते विचारा. निर्गुण उपासनेचे श्लोक 3 ते 5 नुसते पाठ करून घ्या.