आपल्याच शेतात काडी ओढली, तर कुणाचं काय जातं?

होळी जवळ आली की माझ्या नावावर येणारी पत्रं सगळी जाळाचीच असतात. नोकरीत बंबावर होतो, म्हणून लोकांना वाटतं की आगीचा कायदाही याला पाठ असणार. पाठ नाही. पण आग विझल्यावर पंचनाम्याला कोण काय विचारतं आणि कोण कुठे गप्प बसतं, ते जवळून पाहिलंय. या वेळची पत्रं त्या अनुभवावर घेतो.

प्रश्न : निपाणी तालुक्यात आमचा तीन एकर ऊस आहे. लागण तुटून गेली, आता खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) राखायचा आहे. दरवर्षी पाला पेटवून देतो. यंदा मोबाईलवर फिरतंय की पाला जाळला तर तीस हजार दंड आणि उताऱ्यावर लाल शेरा. खरं आहे का? आपल्या शेतात आपण काडी ओढली तर कुणाचं काय जातं?

तीस हजारांचा आकडा खोटा नाही, पत्ता चुकलाय. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागासाठी पिकांचे अवशेष जाळण्याचा दंड दुप्पट केला. दोन एकरांच्या आत 5,000 रुपये, दोन ते पाच एकरांना 10,000 आणि त्यावर 30,000. पंजाब-हरियाणाकडे भाताची धसकटं पेटतात आणि राजधानीचा श्वास कोंडतो, त्यावरचा तो इलाज आहे. बेळगाव जिल्ह्याला तो लागू नाही.

म्हणून तुम्ही मोकळे झालात असं मात्र नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. साधा जाळ असेल तर 5,000 रुपये आणि ढिगाने जाळला तर 25,000 रुपये, असा तो आदेश. शेतातला पाला हा कचरा धरायचा का, यावर दोन वकील दिवसभर बोलतील आणि त्या दिवसाची फी तुम्ही द्याल. मी त्या वादात शिरत नाही, कारण शेतकरी अडकतो तो दुसऱ्याच ठिकाणी. भारतीय न्याय संहितेचं कलम 287 आहे. आगीशी हयगयीने वागून कुणाच्या जिवाला धोका केला, किंवा दुसऱ्याला इजा-नुकसान होईल अशी वेळ आणली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार ऐकून हसू नका. शेजाऱ्याचा उभा ऊस गेला तर त्याची भरपाई दिवाणी दाव्यात वेगळी निघते.

पंचनाम्याला प्रश्न ठरलेले असतात. वारा होता का? बांधाच्या कडेने पट्टा मोकळा केला होता का? शेजाऱ्याला सांगितलं होतं का? विझवायला पाणी आणि माणसं होती का? बहुतेक जण दुपारी जेवून आल्यावर एकटेच काडी ओढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा सुटायची वेळही तीच.

आता कायदा बाजूला ठेवून हिशेबाचं बोलू. एका हेक्टरला आठ ते दहा टन पाला निघतो. म्हणजे तुमच्या तीन एकरांत दहा-बारा टन. पेटवला की त्यातलं नत्र धुरातून गेलं आणि जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणूही भाजले. उरते ती राख. तोच पाला एकाआड एक सरीत दाबा, किंवा कुट्टी मारून पसरा. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाला कुजवणारे जिवाणू टाका, आणि पाणी द्या. खोडव्याला तण कमी येतं, पाण्याची पाळी लांबते. उंदीर होतात ही तक्रार मला मान्य आहे, पहिल्या वर्षी सरी चालायला अवघड जाते हेही मान्य. तरी माझ्या ओळखीत ज्यांनी पाला राखायला सुरुवात केली, त्यांतला कुणी परत काडीकडे वळलेला मला माहीत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण निपाणी भागातले आहात म्हणून सांगतो. टोळी लवकर यावी, तोड सोपी व्हावी म्हणून उभा फड पेटवायची जी रीत पडलीय, ती सर्वांत वाईट. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, वजन रोज घटतं आणि तोड लांबली की साखरेचा उतारा बसतो. त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. फड चारी बाजूंनी पेटवला की मधली हवा वर ओढली जाते आणि जाळ कडेकडून आत धावतो. डुक्कर, साप बाहेर काढायला म्हणून आत घुसलेल्या माणसाला मग वाट सापडत नाही. पेटलेल्या फडात बंबाचा माणूससुद्धा शिरत नाही. आम्ही पुढे जाऊन दोन-चार सऱ्या आडव्या तोडायचो आणि जाळ तिथे यायची वाट बघायचो.

प्रश्न : काका, मी बेळगावात शहापूरला राहते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर रोज पहाटे पाचोळा पेटतो. त्यात दुधाच्या पिशव्या, रबर, सगळं असतं. सासूबाईंना दमा आहे. शेजाऱ्यांना बोललं तर म्हणतात, पाचोळ्याने काय होतंय. तक्रार कुठे करू आणि मराठीत केली तर चालेल का?

शहरात विषय सरळ आहे. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारीत कचरा टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही, हे 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलं गेलं. कुणीही पेटवला तरी, अगदी झाडणाऱ्या माणसाने पेटवला तरी. पाचोळ्याचा धूर दम्याच्या माणसाला पुरेसा वाईट असतो. प्लास्टिक मिसळलं, त्यातही पीव्हीसीची वायर किंवा पाइप असला, की त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि पहाटेच्या गार हवेत तो धूर वर न जाता खिडक्यांच्या उंचीवर तरंगत राहतो.

महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्या. वेळ, जागा आणि दोन-तीन दिवसांचे फोटो जोडा. एका प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेली तक्रार म्हणजे तोंडी गप्पा. मराठीत लिहा, तुमची भाषा आहे. पण माझं ऐकाल तर खाली चार ओळी कानडीतही घाला, शाळेत जाणारी कुठलीही पोरं लिहून देतील. भाषेचं भांडण आपण दुसऱ्या ठिकाणी भांडतो आहोतच. इथे पहाटेचा धूर बंद करायचाय, आणि टेबलावरच्या माणसाला 'मला वाचता येत नाही' म्हणायची सोय ठेवायची नाही.

शेजाऱ्यांसाठी एक खटपट करून बघा. गल्लीत एखादी रिकामी टाकी किंवा विटांचा चौकोन करून पाचोळा त्यात कुजवायला लावा. जाळणारी माणसं दुष्ट नसतात, त्यांना झाडलेला ढीग ठेवायला जागा नसते.

प्रश्न : खानापूर तालुक्यात जांबोटीकडे आमची काजूची बाग आहे. शेवटची कड जंगलाला लागून. उन्हाळ्यात वणवा येतो म्हणून आम्ही आधीच गवत जाळून पट्टा करतो. वनखात्याचा गार्ड म्हणतो, गुन्हा दाखल करीन. आम्ही वाचवायलाच जाळतो ना?

तुमचा हेतू बरोबर आहे, गार्डही बरोबर आहे. जंगलाच्या कडेला हेतू कुणी मोजत नाही. कर्नाटकाचा 1963 चा वन कायदा राखीव जंगलात आग लावायला किंवा जंगलाला धोका होईल असा जाळ करायला मनाई करतो. तुमच्या तालुक्यात 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे. तुमची कड त्याला लागून असेल तर वन्यजीव कायद्याचं कलम 30 लागतं. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून येणं, दोन्ही त्यात येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पट्टा करायलाच हवा, पण जाळून नको. कोयत्याने, कटरने गवत कापा, पाला आतल्या बाजूला ओढा आणि जमीन उघडी करा. काजूचा वाळलेला पाला खाली साचला असेल तर पट्टा कितीही रुंद असो, ठिणगी उडून पलीकडे पडते. म्हणून झाडांच्या बुंध्याभोवती आधी साफ करा. आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला कडेचं गवत जाळून केलेला पट्टा, कधी काढणार ते वनखात्याला जानेवारीतच जाऊन विचारा. त्यांची माणसं उभी असताना कडेचं गवत जळालं तर ते खात्याचं काम, तुम्ही एकट्याने जाळलं तर वणवा.

कणकुंबी, जांबोटीकडे सहलीला येऊन चूल मांडणाऱ्यांनाही हेच लागू. वरून राख दिसली तरी मातीखालची मुळं धुमसत असतात. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. हात लावून गार लागली की मगच गाडीत बसा.

प्रश्न : आमचं गाव चंदगडच्या सीमेवर. बांधाच्या पलीकडे महाराष्ट्र. तिकडच्याने बांध पेटवला आणि आमची पिंजराची (भाताच्या पेंढ्याची) गंजी गेली तर केस कुठे? आणि बंब कुठला बोलवायचा?

नुकसान जिथे झालं तिथल्या पोलिसांत जा, म्हणजे तुमच्या. न्याय संहिता दोन्हीकडे एकच आहे, बांधाने ती बदलत नाही. तलाठ्याकडून पंचनामा त्याच दिवशी करून घ्या, राख उचलायच्या आधी.

फोनचं मात्र नीट ऐका. 112 लावलात आणि मोबाईलला पलीकडचा टॉवर लागला असेल, तर फोन महाराष्ट्रात जाऊ शकतो. म्हणून पहिलं वाक्य राज्य आणि जिल्हा: 'कर्नाटक, बेळगाव जिल्हा', मग तालुका, मग गाव. बेळगावच्या अग्निशमन ठाण्याचा थेट नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. एक पोरगा मोटरसायकलवर फाट्यावर पाठवा. अंधारात पाणंद शोधण्यात बंबाचा जेवढा वेळ जातो, तेवढा रस्त्यात जात नाही.

बंब येईपर्यंत गंजीवर वरून घागरी ओतत बसू नका. पिंजर छपरासारखं रचलेलं असतं, पाणी बाहेरून ओघळून जातं आणि आत निखारा तसाच. गंजी फोडावी लागते. जेसीबी मिळाला तर उत्तम, नाहीतर लांब बांबूने जळती बाजू ओढून वेगळी करायची. शेजारच्या गंजीवर ओली पोती टाका. आणि पुढच्या सुगीला सगळं पिंजर एकाच ठिकाणी, तेही विजेच्या तारेखाली, रचू नका. दोन गंज्यांत बैलगाडी फिरेल एवढं अंतर राहू द्या.

प्रश्न : होळीला बंदी आहे का? पोरांनी कुणाचं तरी झाड आणलंय.

होळीला बंदी नाही. मात्र कर्नाटकात 1976 पासून झाडं जपण्याचा वेगळा कायदा आहे. काही जाती सोडल्या तर स्वतःचं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, इथे तर झाड दुसऱ्याचं. पोरांना घेऊन मालकाकडे जा आणि मिटवा. होळीत गोवऱ्या आणि वाळकी लाकडं घाला, टायर आणि थर्माकोल आला तर परत पाठवा. वर तार नाही ना, ते उजेड असतानाच बघून घ्या.