लेसिक झालेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तर डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर नेहमीच्या केराटोमेट्रीवरून (कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा बाक मोजून) काढला तर चालतो का?

नाही चालत. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, बायोमेट्री, म्हणजे लेन्ससाठी डोळ्याची मापं घेणं, माझं रोजचं काम, आणि "मशीन नवीन आहे, सगळं आपोआप काढतं" हे ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझ्या मामांनी 2001 मध्ये उणे सातचा चष्मा लेसिकने घालवला. पुढे मोतीबिंदू आला, गावाजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मी तिथे फोन करून सांगितलं, यांचं लेसिक झालंय, जुनी फाईल मामींच्या कपाटात आहे, पाठवते. "कागद नकोत मॅडम, आमचं मशीन..." रिपोर्टवर के (कॉर्नियाची पॉवर, डायॉप्टरमध्ये) 39.0 आला, त्यावर सरळ एसआरके/टी हे नेहमीच्या डोळ्यांचं सूत्र लावून लेन्स बसवली. मामांना अधिक दोनचा नंबर! धड पेपर वाचता येईना, धड एसटीची पाटी. वर ऐकवलं काय, तर "वयामुळे एवढं राहतंच." वयाचा काय संबंध?

केराटोमीटर कॉर्नियाचा फक्त पुढचा बाक मोजतो. मागच्या बाजूचा हिशेब 1.3375 या ठरीव अपवर्तनांकात गृहीत धरतो आणि 337.5 ला त्रिज्येने भागतो. मामांची त्रिज्या 8.65 मिमी, म्हणून 39. पण लेसिकने पुढचा भाग सपाट होतो, मागचा तसाच राहतो; मग ते गृहीतकच मोडतं. फाईलमध्ये लेसिकआधीचा के 44 होता. चष्मा डोळ्यापासून थोडा लांब असतो, म्हणून उणे सात कॉर्नियाच्या पातळीवर आणले की साधारण साडेसहा. वजा करा, 37.5. दीड डायॉप्टर इथेच गेले. शिवाय सपाट के पाहून सूत्र लेन्स डोळ्यात खरी बसते त्याहून पुढे बसेल असं धरतं, म्हणून पॉवर आणखी कमी निघते. अरांबेरी या नेत्रतज्ज्ञांच्या डबल-के पद्धतीत यासाठीच लेन्सच्या जागेला जुना के आणि पॉवरला नवा के घेतात.

तुम्ही लेसिकनंतरच्या डोळ्यांसाठीच्या बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल, शामस यांपैकी निदान दोन सूत्रांचे आकडे शेजारी शेजारी मागा. कुणी टाळाटाळ केली तर फाईल उचला आणि दुसरीकडे जा. मामांना मी हेच सांगत होते, पण घरच्या पोरीचं कोण ऐकतं!

हो, ही सूत्रं जुन्या कागदांशिवायही चालतात, आणि नुसत्या वजाबाकीवर आता कुणी विसंबू नये. जुना नंबर अर्ध्या डायॉप्टरने चुकला असेल तर ती चूक थेट उत्तरात उतरते. तरी कागद द्याच, ट्रू-के मध्ये ते आकडे भरता येतात. अधिक नंबरासाठी लेसिक झालं असेल तर चूक उलट्या दिशेने होते. आणि चिरा देऊन केलेलं जुनं आरके असेल तर वरचं गणित लावूच नका, त्या डोळ्याचा नंबर सकाळ-संध्याकाळसुद्धा बदलतो.