हप्ता इथल्या पगारातून गेला पाहिजे

प्रिय बाळा,

तू पाठवलेला बीएस्सी नर्सिंग कॉलेजच्या फीचा फोटो बघितला. वर्षाला दीड लाख, होस्टेल-मेस धरून, म्हणजे चार वर्षांचे सहा लाख, आणि खाली लाल अक्षरात जर्मनी १०० टक्के प्लेसमेंट. आणि तू विचारतेस की बँक तारण न घेता शैक्षणिक कर्ज द्यायला तयार आहे तर घेऊ का. अगं, साडेसात लाखापर्यंत सरकारी हमी योजनेत बँक तारण मागतच नाही, त्यामुळे बँक हो म्हणाली म्हणजे तुला झेपेल का हे कुणी तपासलंय असं अजिबात समजू नकोस.

नर्सिंग करू की नको यावर मी काही लिहिणार नाही. आजी ॲडमिट असताना तू काय काय केलंस ते मावशीने सांगितलंय, तेवढं मला पुरे. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच तीच सांगणार आहे. कर्जाचा हप्ता तुझ्या पहिल्या वर्षाच्या, इथल्या पगारातून गेला पाहिजे. तिथल्या नाही, इथल्या.

आता आकडे बघ. व्याज साडेदहा टक्के धर. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, निम्म्या लोकांना वाटतं की ते माफ असतं. दरवर्षी दीड लाख उचलले तर हप्ता सुरू व्हायच्या वेळी सहाचे आठ लाख वीस हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हणशील तर महिन्याला अकरा हजार. पंधरा वर्षं केलीस तर नऊ हजार, पण मग बँकेला एकूण सोळा लाखांच्या वर जातात. आणि तुमच्या तालुक्याच्या गावात वीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलला नवीन बीएस्सी पोरीला काय देतात ते स्वतः जाऊन विचार, पंधरा नाहीतर अठरा हजार सांगतील. पुण्यात थोडे जास्त, पण ते कॉट बेसिस आणि डब्यात जातात. राहिलं काय?

तू म्हणालीस वीस हजार तर सुप्रीम कोर्टानेच सांगितलेत. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं, समितीने शिफारस केली की ५० खाटांच्या आतल्या हॉस्पिटलनेसुद्धा २०,००० च्या खाली देऊ नये आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी सिस्टरइतका पगार द्यावा. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन काढलं, तिथल्या नर्सेसनी संप करून काढायला लावलं. आपल्याकडे ती शिफारस दाखव कुठल्याही मालकाला, चहा पाजून परत पाठवेल.

सरकारी नोकरी लागली तर प्रश्नच मिटला, मान्य. राज्यात अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी सिस्टरचं, बेसिक ३५,४०० पासून, एम्सच्या नर्स भरतीची परीक्षा, नॉरसेट, तिच्यातून लागलीस तर ४४,९००. पण भरती तुझ्या हप्त्याची तारीख बघून निघत नाही. आणि हे बघ, राज्याच्या पोस्टला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, आणि बीएस्सी दोघींना स्केल तेच, नॉरसेटला फक्त जीएनएमवालीला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे सहा लाख देऊन तू जे विकत घेतेयस ते तुला वाटतंय तेवढं मोठं नाहीये.

जर्मनीचं बोलू. नर्स म्हणून तिथे मान्यता मिळवायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत लागते, अगदी ए-वन या पहिल्या पातळीपासून सुरू केलं तर आरामात एक वर्ष खातं, तेही नीट अभ्यास केला तर. ते वर्ष कुठलं? तुझं हप्ता नसलेलं वर्ष. गल्फला म्हणशील तर बहुतेक ठिकाणी आधी दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे परत इथलाच पगार आला. जा ना, जरूर जा, मी कोण अडवणार, पण हप्ता त्या पगारावर मांडू नकोस.

आता खरा राग कशाचा आला ते सांगते. तू ओबीसी, वडिलांचं उत्पन्न आठ लाखांच्या खूप आत, सीईटी दिलेली, आणि तुला ८ जुलै २०२४ च्या जीआरबद्दल कुणी सांगितलं नाही? ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, पण अट अशी की प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सीईटी सेलच्या सरकारी प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सगळं गेलं. तुला ॲडमिशन करून देणारा तो एजंट नेमका त्याच दारातून नेतोय! कॅपमधून लांबचं कॉलेज मिळेल, मिळू दे. होस्टेल-मेससाठी वर्षाला पन्नास हजारांचं कर्ज काढ, दोन लाखांचा हप्ता पावणेचार हजारांच्या आसपास बसतो, तो इथल्या पगारातून जातो. वडिलांना जमलं तर शिकतानाच व्याज भरायचं, बऱ्याच बँका त्याला एक टक्का सूट देतात.

तुझी मावशी म्हणते मी भित्री आहे, म्हणून सगळ्यांना कर्जापासून लांब ठेवते. असेल. मी जीएनएम केलं, सरकारी, स्टायपेंडवर. आमच्यातल्या एकीने कर्ज काढून बीएस्सी केलं, ती आज आयर्लंडला आहे, तिचे घराचे फोटो मीही बघते. पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरचं बीएस्सी, मी केलं तेव्हा पस्तिशी उलटली होती आणि माझ्यापेक्षा लहान ट्यूटर मला केअर प्लॅन लिहायला शिकवत होती, ते मनाला लागलं, अजून लागतं. पण सुरुवातीला एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये रात्री तीस पेशंटवर एक सिस्टर ठेवायचे, तिथून मी राजीनामा टाकून निघाले कारण माझ्यावर हप्ता नव्हता. माझ्याबरोबरची नाही निघू शकली. तिच्याकडून एकदा औषधाचा डोस चुकला, पेशंट वाचला, पण चौकशीत ती एकटी उभी होती आणि मालक म्हणाला, स्टाफ भरपूर आहे आमच्याकडे. आता हे सगळं मी स्वतःचंच समर्थन करायला सांगतेय असं वाटेल तुला, वाटू दे, थोडं तसं आहेही. तरी हप्ता इथल्या पगारातून गेला पाहिजे.

आणि हो, त्या कॉलेजच्या फॉर्मवर मागच्या पानावर बारीक अक्षरात त्यांच्याच हॉस्पिटलचा दोन वर्षांचा बाँड आहे, ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्याकडे राहणार. तू वाचलंसच नसणार. कर्ज आणि बाँड दोन्ही एकदम, म्हणजे मग जर्मनी कधी गं?

एजंटला टोकनचा एक रुपया देऊ नकोस, दिला असशील तर लगेच सांग, ओरडणार नाही. सीईटी सेलच्या साईटवर कॅपचं वेळापत्रक रोज बघ. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर उद्याच तहसीलला टाकायला सांग वडिलांना, ॲडमिशनच्या दिवसांत सेतूवर सर्व्हर बंद असतो आणि नेमका त्याच एका कागदासाठी पोरींची माफी हुकते.

तुझी,
सिस्टर मावशी