कोल्हापुरात पहिल्यांदा मिसळ खाणार असाल तर

रविवारी उद्यमनगरात फडतरेंची मिसळ खायचं ठरवलंयत ना, मग सकाळी लवकर पोचा. उशीर झाला की नंबर लावून उभं राहावं लागतं, आणि रिकाम्या पोटी तो कटाचा, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्याचा, वास सहन होत नाही.

मिसळ समोर आली की कट एकदम ओतून घेऊ नका. आधी दोन-तीन चमचेच घाला, वर लिंबू पिळा आणि फरसाण कुरकुरीत असतानाच पहिला घास घ्या. खाली मऊ मटकी, वर कचकचीत कांदा, मध्ये तो लाल तवंग! फरसाण भिजून लगदा झालं की निम्मी मजा गेली. कट संपला तर बिनधास्त पुन्हा मागा.

पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस आले तर गोंधळू नका. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइसच खातात. मला तर लादी पावापेक्षा तेच आवडतात, कट छान शोषून घेतात.

फार तिखट लागलं तर पाण्यामागे लागू नका, त्यानं जळजळ जात नाही. दही मागवा. आणि खाऊन झालं की गप्पा बाहेर येऊन मारा, मागचे लोक भुकेले असतात.