अस्मत लोक इतके सुंदर खांब कोरून जंगलात का सोडून देत?

तुम्ही विचारलंय की न्यू गिनीतले अस्मत लोक दोन माणसांहून उंच खांब कोरायचे आणि उत्सव संपला की जंगलात कुजायला सोडायचे, प्राचीन मेसोअमेरिकेतही, म्हणजे आजच्या मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या भागात, घडवलेल्या मूर्ती पुरून टाकत. मग या लोकांना कलेची कदर नव्हती का?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हे बिस खांब पाहिले तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. एकाच खोडात एकाच्या डोक्यावर दुसरा अशी माणसं कोरलेली, आणि सगळ्यात वरच्याच्या जांघेतून पुढे आलेला मोठा जाळीदार पंख. तो पंख वेगळा करून जोडलेला नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला. तिवराचं झाड तोडताना फळीसारखं पसरट एक मूळ मुद्दाम राखतात आणि झाड उलटं करून कोरतात. आपण मान वर करून बघतो तो खरं तर झाडाचा बुंधा असतो.

झाड तोडणं हाही विधीच. शत्रूवर चाल करून जावं तसे पुरुष त्याच्यावर तुटून पडत. साल सोलली की लाल रस येतो. त्यांच्या लेखी ते रक्त. रंग तीनच: शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा पांढरा, मातीचा तांबडा आणि कोळशाचा काळा.

खांबावरच्या माणसांना नावं असतात, गावातल्या गेलेल्या माणसांची. मरण सहसा आपोआप येत नाही, शत्रू ते शस्त्राने किंवा जादूने आणतो, अशी अस्मतांची समजूत. सूड घेतल्याशिवाय मृताचा आत्मा समुद्रापलीकडे, साफान नावाच्या पितरलोकात पोचत नाही. खांब उभारणं म्हणजे त्याला नाव घेऊन दिलेला शब्द. त्यापायी पूर्वी खरोखर मुंडकी कापली गेली आहेत. कोरीवकामाच्या कौतुकात हे झाकून ठेवणं मला पटत नाही.

उत्सव झाला की खांब सागोच्या बनात नेत. सागो हा ताडाचा प्रकार, त्याच्या गाभ्यातलं पीठ हे अस्मतांचं रोजचं अन्न. (आपला साबुदाणा आता टॅपिओकापासून होतो, पण नाव या सागोवरूनच आलंय.) लाकूड कुजेल तसं पितरांचं बळ सागोत उतरतं, आणि सागोतून जिवंत माणसांच्या पोटात. तेव्हा ‘सोडून देत’ हा शब्द मला खटकतो. खांब जिथे पोचायला हवा तिथे ते तो पोचवत होते. मी पाहिलेले खांब 1961 मध्ये अमेरिकेतल्या धनाढ्य रॉकफेलर घराण्यातल्या मायकेल रॉकफेलर यांनी गोळा केले होते. ते बनापर्यंत गेलेच नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉकफेलर अस्मत किनाऱ्याजवळ बेपत्ता झाले.

मेसोअमेरिकेतलं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याजवळच्या ला व्हेंटाचं. ओल्मेक या तिथल्या प्राचीन लोकांनी तिथे हिरव्या सर्पेंटाइनचे शेकडो टन दगड खोल खड्ड्यांत मांडून मातीखाली घातले. 1955 च्या उत्खननात तिथेच वीतभर उंचीचे सोळा पुतळे सापडले, रेतीत उभे, मागे पातळ कुऱ्हाडींसारखे सहा दगड. एक पुतळा भरड दगडाचा, त्या कुऱ्हाडींना पाठ लावून उभा. बाकीचे जेड-सर्पेंटाइनचे, त्याच्याभोवती जमलेले. काहीतरी ठरतंय, असं बघताक्षणी वाटतं.

वरच्या मातीचे थर तपासताना आणखी एक गोष्ट दिसली. पुरल्यानंतर पुष्कळ काळाने कोणीतरी नेमक्या त्याच जागी वरचे मातीचे थर फोडून खड्डा खणला होता, पुतळ्यांची डोकी दिसतील इतकाच. सगळे जागेवर आहेत हे पाहिलं, एकही उचलला नाही, आणि खड्डा पुन्हा बुजवला. म्हणजे जमिनीवर कसलीही खूण दिसत नसताना ती जागा कोणीतरी लक्षात ठेवली होती, पुढच्यांना सांगितली होती. कदर याहून वेगळी काय असते?

हे पुतळे आता मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात काचेमागे आहेत, त्याच मांडणीत.